कागदाचा एसएसएलव्ही: पायाने उडवायचं छोटं मापबरहुकूम रॉकेट

खऱ्या रॉकेटची छोटी, उडणारी प्रतिकृती करायची म्हटलं की नवखा माणूस बहुतेक वेळा पीएसएलव्हीला नाहीतर थेट चांद्रयान नेणाऱ्या एलव्हीएम-३ ला हात घालतो. मग कडेचे बूस्टर, फुगीर डोकं, जाळीदार जोडभाग यांत तो अडकतो आणि अर्धवट नळ्या कपाटावर जाऊन बसतात. पहिलं रॉकेट म्हणून मी सरळ एसएसएलव्ही सुचवतो. इस्रोचं हे छोटे उपग्रह नेणारं यान ३४ मीटर उंच, २ मीटर व्यासाचं आहे. कडेला एकही बूस्टर नाही. घन इंधनाचे तीन टप्पे एकावर एक, वर उपग्रहाची दिशा-गती नेमकी करणारा एक छोटा द्रवइंधनी भाग, आणि त्यावर निमुळता शेंडा. म्हणजे आपल्या दृष्टीने एक लांब नळी आणि एक टोपी.

उडवायचं कशाने?

हवेने. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीवर पाय आपटायचा, आतली हवा पाइपातून धावत येते आणि पाइपावर बसवलेलं कागदी रॉकेट वर फेकलं जातं.

दारू भरून का नाही, हा प्रश्न प्रत्येक मुलगा विचारतो, तेव्हा उत्तर तयार ठेवा. दिवाळीचे फटाके फोडून त्यातली पूड काढणं किंवा घरी इंधन मिसळणं यात बोटं आणि डोळे जातात. शिवाय आपल्याकडे १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली विनापरवाना स्फोटक बनवणं हा गुन्हा आहे. हे परवाने देणाऱ्या केंद्रीय संस्थेचं, 'पेसो'चं, मुख्यालय नागपुरातच आहे. अमेरिकेतही हा छंद सुरक्षित झाला तो इंधन घरी बनवणं थांबल्यावरच. नेब्रास्कातल्या नॉरफोक गावात बुटांचं दुकान चालवणाऱ्या ऑर्विल कार्लाइलने १९५४ मध्ये बदलता येणारी छोटी मोटर, म्हणजे इंधन भरलेली तयार नळी, आणि तिच्यावर उडणारं हलकं रॉकेट केलं. पुढे व्हर्नन एस्टेसने अशा मोटरी यंत्रावर बनवायला घेतल्या आणि मुलांच्या हातातली पूड सुटली. तशा तयार मोटरी आपल्याकडे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत. हवा मात्र फुकट आहे आणि दिवसभर पुन्हा पुन्हा वापरता येते.

आधी पाइप, मग माप

इथेच बहुतेक जण उलट्या टोकाकडून सुरुवात करतात. '१:१०० करू, हिशोब सोपा' असं ठरवतात आणि मग बरोबर २० मि.मी. व्यासाची नळी शोधत फिरतात. जाणता माणूस हाताशी असलेल्या पाइपाचा व्यास बघतो आणि माप त्यावरून काढतो.

विजेच्या फिटिंगसाठी वापरतात तो २० मि.मी.चा पीव्हीसी कंड्यूट पाइप घ्या. विजेच्या सामानाच्या कुठल्याही दुकानात मिळतो आणि त्याचा बाहेरचा व्यास २० मि.मी.च असतो. नळाच्या कामाचा अर्धा इंची पाइप नको, त्याची बाहेरची मापं प्रकारागणिक बदलतात. कंड्यूटवर कागदाचे दोन थर गुंडाळले आणि सहज सरकण्याइतकी फट ठेवली की रॉकेटचा बाहेरचा व्यास साधारण २१ मि.मी. होतो. खरा व्यास २००० मि.मी. भागिले २१, म्हणजे जवळपास ९५. आपलं माप ठरलं: १:९५. आता ३४ मीटरला ९५ ने भागा. एकूण उंची ३५८ मि.मी.

ए-फोर कागदाची लांब बाजू २९७ मि.मी. असते. ती नळीला गेली, उरले ६१ मि.मी. शेंड्याला. इस्रोच्या संकेतस्थळावरचा एसएसएलव्हीचा बाजूने घेतलेला, शक्य तितका समोरून आलेला फोटो छापून घ्या. खालून वर बघत काढलेला फोटो नको, त्यात शेंडा आखूड दिसतो. छापलेल्या फोटोवर रॉकेटची जाडी मोजा, समजा ती ७ मि.मी. भरली. आपली जाडी २१, म्हणजे फोटोतलं प्रत्येक अंतर तीनपट करायचं. टप्प्यांच्या जोडरेषा, पट्टे, तिरंगा, अक्षरं, सगळं याच गुणकाने. शेंड्याची लांबी फोटोप्रमाणे ६१ पेक्षा बरीच वेगळी आली तर नळी त्या हिशोबाने कापा किंवा ए-थ्री कागद आणा. दोन-तीन मिलिमीटरसाठी जीव काढू नका. उडताना कोणी फूटपट्टी लावत नाही.

एक गंमत इथेच सांगतो. लांबी ९५ पट कमी झाली की आकारमान ९५ चा घन, म्हणजे सुमारे साडेआठ लाख पट कमी होतं. खऱ्या यानाचं उड्डाणावेळचं वजन १२० टनांच्या आसपास. त्या प्रमाणात आपलं रॉकेट १४० ग्रॅमचं व्हायला हवं. ते भरेल सहा-सात ग्रॅम. म्हणून हे माप फक्त दिसण्याचं आहे, वजनाचं नाही, आणि त्यामुळेच ते पायाच्या एका दणक्यावर उडतं.

सामान

८० जीएसएमचे ए-फोर कागद, फेव्हिस्टिक, पारदर्शक सेलोटेप, ओएचपी शीट किंवा जुन्या फाइलचं पारदर्शक कव्हर, मुलांची प्लॅस्टिसीन क्ले, जाड कार्डशीटचा तुकडा, दोरा. उडवणीसाठी तीन मीटरचा एक कंड्यूट, त्याच मापाचा एक बेंड, दोन लिटरच्या दोन-तीन रिकाम्या बाटल्या, विजेची काळी टेप आणि एक फळी. कटर मोठ्यांच्या हातात.

फेव्हिकॉल नळीला वापरू नका. त्यातल्या पाण्याने कागद सुरकुततो आणि वाळताना नळी पाइपाला घट्ट बसते.

नळी

कागद २९७ × १४० मि.मी. कापा. गुंडाळण्याआधी त्यावर चित्र काढायचं. नळी झाल्यावर रंगवायला गेलात तर कागद भिजतो, वजन वाढतं आणि रेघ सरळ येत नाही. फक्त एक लक्षात ठेवा: दोन थरांतला बाहेरचा थर म्हणजे कागदाचा शेवटचा ६६ मि.मी. रुंदीचा पट्टा. चित्र त्या पट्ट्यात हवं, आधीचा भाग आत जाणार आहे. जोडरेषा बारीक बॉलपेनने, रंग स्केचपेनचा किंवा सरळ प्रिंटरचा.

आता पाइपावर आधी एका कोऱ्या कागदाचा एक वेढा घाला आणि टेपच्या बारीक तुकड्याने तो कागद त्याच्याच कडेला चिकटवा, पाइपाला नाही. हा फटीसाठी, शेवटी काढून टाकायचा. त्यावर चित्राचा कागद, चित्राची बाजू बाहेर राहील असा, गुंडाळायला घ्या. पहिला वेढा कोरडा, दुसऱ्या वेढ्याला आतून फेव्हिस्टिक, शेवटच्या कडेला सलग रेघ. कागद एका दिशेला सहज वळतो आणि दुसऱ्या दिशेला कुरकुरतो, हे हाताने आधी वाकवून बघा. सहज वळणारी बाजू घेरासाठी हवी. कुरकुरणारी घेतलीत तर नळीला कोपरे पडतात.

दहा मिनिटांनी नळी फिरवत काढा, आतला कोरा कागद खेचून घ्या. चांगली नळी पाइप उभा धरल्यावर स्वतःच्या वजनाने खाली घसरते आणि तरीही लडबडत नाही. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, ही परीक्षा उडवायच्या दिवशी पुन्हा घ्या. दमट हवेत कागद फुगतो.

वरचं तोंड बंद

शेंडा चिकटवण्याआधी नळीचं वरचं तोंड हवाबंद करायचं, आणि हे काम घाईत करणाऱ्याचा शेंडाच आधी उडतो. कार्डशीटची २१ मि.मी.ची चकती तोंडावर ठेवा. तिच्यावरून सेलोटेपच्या दोन पट्ट्या अधिक चिन्हासारख्या, प्रत्येकी नळीवर तीन सें.मी. उतरतील अशा लावा. मग कडेने एक पूर्ण वेढा. तोंड लावून खालून फुंका. गालांना जोर लागला पाहिजे, हवा कुठून सुटता कामा नये.

शेंडा

६२ मि.मी. त्रिज्येचं वर्तुळ आखून त्यातला ६१ अंशांचा तुकडा कापा, एका कडेला चिकटवायला ८ मि.मी. जादा ठेवा. वळवला की २१ मि.मी. तळाचा, ६१ मि.मी. उंच शंकू तयार. खऱ्या यानाचा शेंडा फुगीर वळणाचा आहे, सरळ शंकू नाही. तो साधायचा असेल तर त्याच लांबीच्या आठ निमुळत्या पाकळ्या कापून आतून टेपने जोडा. पहिल्या रॉकेटला शंकू पुरे. शेंडा पहिल्याच दिवशी जमिनीवर आपटून चेपणार, तेव्हा दोन-तीन करून ठेवा.

टोकाचे चार-पाच मिलिमीटर कापून टाका आणि तिथे आतून प्लॅस्टिसीनचा दीड ग्रॅमचा गोळा दाबा. थोडा बाहेर बोथट राहू द्या. डोक्यावर पडलं तर टोचणार नाही, आणि पुढे वजन आल्याने रॉकेट सरळ जाईल. शेंड्यात खिळा, पेन्सिलचा तुकडा, नाणं असलं काही घालायचं नाही.

पंख, जे खऱ्या यानाला नाहीत

प्रतिकृती करणाऱ्याची खरी कसोटी इथे लागते. मूळ एसएसएलव्हीला शेपटीचे पंख नाहीत. त्याची पहिल्या टप्प्याची मोटर आपलं नोझल, म्हणजे जळालेला वायू बाहेर पडायचं तोंड, किंचित वळवून यानाला दिशा देते, संगणक क्षणाक्षणाला ती दुरुस्ती करत असतो. आपल्या कागदी नळीत ना नोझल ना संगणक. पंख नसतील तर ती पाइप सोडताच आडवी होऊन कोलांट्या खाते. दिसणं आणि उडणं यात भांडण झालं की मी उडण्याच्या बाजूने आहे, पण मधला मार्ग जुना आहे: पंख पारदर्शक करायचे. दहा पावलांवरून दिसत नाहीत.

ओएचपी शीटमधून चार पंख कापा. प्रत्येकाची नळीला चिकटणारी बाजू ४० मि.मी., बाहेर २० मि.मी. चिकटवायला ५ मि.मी.ची दुमड जादा. पुढचा कोपरा तिरका कापला तर गवतात अडकत नाही, दिसायलाही बरा. नळीच्या तळाशी कागदाची पट्टी गुंडाळून, तिची घेराएवढी लांबी चौघडी घालून चार खुणा काढा. खुणेपासून वर सरळ रेघ मारायला नळी दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यात टेकवून ठेवा आणि चौकटीच्या कडेने पेन्सिल ओढा. पंख त्या रेघेवर, दोन्ही बाजूंनी सेलोटेपने. पंखाचा तळ नळीच्या तळाशी सारखा हवा, खाली लोंबला तर रॉकेट पाइपावर नीट टेकत नाही.

तोल तपासा

रॉकेट बोटावर आडवं ठेवून ते कुठे तोललं जातं ते बघा. तो गुरुत्वमध्य. वर दिलेल्या मापांनी केलंत तर तो तळापासून १८–१९ सें.मी. वर यावा. आता दुसरा बिंदू, दाबकेंद्र: वारा रॉकेटला जिथे ढकलतो ती सरासरी जागा. ती शोधायचा घरगुती उपाय म्हणजे रॉकेटची बाजूने दिसणारी आकृती, दोन पंखांसकट, कार्डशीटवर त्याच मापात कापायची आणि पट्टीच्या कडेवर तोलायची. आपली आकृती तळापासून सुमारे १४ सें.मी. वर तोलली जाते. खरं दाबकेंद्र सरळ उडताना याच्याही मागे असतं, त्यामुळे ही पद्धत चुकली तरी सुरक्षित बाजूला चुकते.

नियम एवढाच की गुरुत्वमध्य दाबकेंद्राच्या पुढे, निदान एका व्यासाइतका असावा. आपल्याकडे तो चार सें.मी.हून जास्त पुढे आहे. कमी भरला तर आधी क्ले वाढवा, मग पंख. पंख उगाच मोठे केले तर रॉकेट वाऱ्याच्या दिशेला तोंड वळवून तिरकं पळतं.

शेवटची खात्री म्हणून गुरुत्वमध्याशी दोरा बांधून, टेप लावून, रॉकेट डोक्यावरून गरागरा फिरवा. शेंडा पुढे ठेवून फिरलं तर पास. आडवं किंवा शेपूट पुढे करून फिरलं तर मैदानावर नेऊ नका. हा खेळ मुलांना उडवण्याइतकाच आवडतो.

हे सगळं उगाच वाटत असेल तर मोठ्यांचं उदाहरण घ्या. एसएसएलव्हीचं पहिलं उड्डाण ७ ऑगस्ट २०२२ ला श्रीहरिकोट्याहून झालं. तिन्ही टप्पे पेटले, पण दुसरा टप्पा सुटतानाच्या हादऱ्याने काही क्षण वेगबदल मोजणारी उपकरणं भांबावली. संगणकाने ती निकामी धरली आणि यान ३५६ किलोमीटरच्या गोल कक्षेऐवजी ३५६ × ७६ किलोमीटरच्या लंबगोल कक्षेत गेलं. तिथे उपग्रह टिकत नाहीत. दुरुस्तीनंतर १० फेब्रुवारी २०२३ चं दुसरं आणि १६ ऑगस्ट २०२४ चं तिसरं उड्डाण नीट पार पडलं.

उडवणी

कंड्यूटचे दोन तुकडे कापा: आडवा ६० सें.मी., उभा ४० सें.मी. मध्ये बेंड. उभ्या पाइपाचं वरचं टोक सँडपेपरने गुळगुळीत करा, नाहीतर नळी आतून फाटते. आडव्या पाइपाच्या दुसऱ्या टोकाला काळ्या टेपचे दोन-तीन वेढे घालून ते बाटलीच्या तोंडात घट्ट बसवा. दोन लिटरच्या बाटलीच्या तोंडाचा आतला व्यास २० पेक्षा जेमतेम जास्त असतो, त्यामुळे हा जोड जणू एकमेकांसाठीच केल्यासारखा बसतो. बाहेरून पुन्हा टेप. बेंड फळीवर तारेने किंवा क्लॅम्पने पक्का करा, दणका बसल्यावर उभा पाइप कलता कामा नये.

बाटली आडवी जमिनीवर. बूट घालून तिच्या मधोमध दोन्ही पायांनी उडी मारायची. चेपलेली बाटली परत फुगवायला पाइपाच्या तोंडाशी मूठ धरून मुठीतून फुंका, ओठ पाइपाला लागत नाहीत. बाटली काही दणक्यांनंतर चिरते, तेव्हा ती बदलायची. सायकलचा पंप किंवा कॉम्प्रेसर जोडायचा मोह टाळा. पायाचा दाब आपोआप मर्यादित राहतो, साठवलेला दाब राहत नाही.

जागा मोकळी हवी: शाळेचं मैदान, सकाळी क्रिकेटवाले यायच्या आधी, वारा पडलेला असताना. विजेच्या तारा आणि रस्ता लांब. पाइप अगदी उभा न ठेवता थोडा, पाचेक अंश, माणसं नसलेल्या बाजूला कलता ठेवा, म्हणजे रॉकेट डोक्यावर परत येत नाही. आणि दोन नियम मोठ्याने सांगून पाळायचे. रॉकेट पाइपावर असताना त्याच्यावर कोणी वाकायचं नाही. उलटी मोजणी संपल्याशिवाय बाटलीच्या जवळ कोणाचा पाय नाही. लहान मुलं उत्साहात नेमकी याच दोन गोष्टी करतात, म्हणून मोजणी एकट्या मोठ्या माणसाकडे द्या.

रॉकेट जेमतेम उठलं तर हवा गळतेय: बाटलीचा जोड बघा, मग वरची चकती. 'फट्' आवाज येऊन पाइपावरच अडकलं तर नळी घट्ट आहे. स्क्रूसारखं फिरत गेलं तर एखादा पंख तिरका. वर जाऊन डोलायला लागलं तर पुढे वजन कमी.

किती उंच गेलं?

कोनमापकाच्या मध्यबिंदूला दोरा आणि त्याला नट बांधा, सरळ कडेवर एक स्ट्रॉ चिकटवा. ३० मीटर अंतरावर उभं राहून स्ट्रॉमधून रॉकेटच्या सर्वोच्च जागेकडे बघा आणि दोरा बोटाने धरा. दोरा ९० च्या खुणेपासून जितका सरकला तितका कोन. ३५ अंश आला तर २१ मीटर, ४० ला २५, ४५ ला ३०, ५० ला ३६. त्यात बघणाऱ्याच्या डोळ्याची उंची मिळवा. दोघांनी समोरासमोरच्या बाजूंना उभं राहून बघितलं आणि सरासरी काढली तर तिरक्या उड्डाणातली चूक बरीच कमी होते.

एसएसएलव्ही हाताळून झाला की पुढचा क्रमांक पीएसएलव्हीच्या 'कोअर अलोन' प्रकाराचा लावा, ज्याला कडेचे बूस्टर नसतात. ४४ मीटर उंची आणि २.८ मीटर व्यास, म्हणजे आपल्याच २१ मि.मी.च्या नळीवर माप १:१३३ आणि उंची ३३० मि.मी. त्याचं डोकं मात्र ३.२ मीटरचं, म्हणजे २४ मि.मी., नळीपेक्षा जाड. त्यामुळे दाबकेंद्र पुढे सरकेल. कार्डशीटची आकृती नव्याने कापून तोला आणि पंख त्या हिशोबाने मोठे करा.